सैन्य एकदाच हलतं

समोरच्याने सोंगटी उचलली की काका तिच्या रिकाम्या जागेवर बोट रोवायचे. "कुठून निघाली ते ध्यानात ठेव," म्हणायचे. अशा माणसाबरोबर तुम्ही कधी खेळला असाल, तर ते मला का सहन होत नव्हते हे वेगळं सांगायला नको.

भेस्तानच्या आमच्या इमारतीत ते समोरच्या घरात राहायचे. मूळचे अकोल्याकडचे, लूमच्या कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त. बायको वारलेली, मुलगा नागपूरला. जगाच्या नकाशावरच्या युद्धाच्या खेळाचा डबा माझा, पण टेबल त्यांचं मोठं, म्हणून रविवारी दुपारी इमारतीतले आम्ही चारपाच जण त्यांच्याकडे जमायचो.

खेळात आधी हल्ला, मग हालचाल. भांडण त्यावरूनच. हल्ला जिंकून सैन्य शत्रूच्या देशात शिरलं, तर त्याच पाळीत ते आणखी पुढे जाऊ शकतं का? मी म्हणायचो, शिरणं हा लढाईचा भाग, हालचाल अजून शिल्लक आहे. काका म्हणायचे, पाय उचलला की हालचाल झाली, सैन्य एका पाळीत एकदाच हलतं. नियमांच्या पुस्तिकेत याबद्दल अक्षर नव्हतं. माझं चुकत नव्हतं, हे मी आजही सांगतो.

एका रविवारी माझी बायको पहिल्यांदाच खेळायला बसली. मी तिचा एक देश जिंकला आणि तेच सैन्य पुढे नेऊन तिची वाट अडवली. काकांनी माझ्या सोंगट्या उचलून एकेक करून मागे ठेवल्या.

"पोरगी नवीन हाय म्हणून लुटतो काय तिले?"

"पुस्तिकेत दाखवा," मी म्हटलं.

"माह्या घरात मी सांगतो."

मी सगळ्या सोंगट्या डब्यात कोंबल्या आणि घरी आलो. बायको मात्र तिथंच चहा पिऊन सावकाश आली.

त्यानंतर मी लिफ्टमध्ये दिसलो की काका दुखऱ्या गुडघ्यांनी जिना धरायचे. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. खेळ बंद पडेल अशी माझी खात्री होती, पण त्यांनी कोऱ्या, न रंगवलेल्या ग्रे कापडावर मार्करने अख्खं जग काढलं आणि सोंगट्यांऐवजी शर्टाची बटणं घेतली. मंडळी जमू लागली. माझी बायकोही जायची. मी डबा कपाटात ठेवून बसायचो आणि दोन दारांपलीकडून त्यांचा आवाज ऐकायचो.

बायकोने एकदा सांगितलं की तो वाद निघाला की काका आधी माझी बाजू सगळ्यांना नीट समजावून देतात आणि मगच ती खोडतात. त्याचा मला जास्तच राग आला.

दिवाळीला ते गावी गेले आणि तिकडेच हृदय बंद पडून वारले. बायको रडली. मी टीव्हीचा आवाज कमी केला, एवढंच.

पुढे त्यांच्या मुलाने घर विकायला काढलं आणि रंगवाला आला. दार उघडं होतं म्हणून मी डोकावलो. टेबल गेलं होतं. चुना सांडू नये म्हणून त्याने फरशीवर नकाशाचं ते कापड अंथरलं होतं. आशिया निम्मा पांढरा झाला होता.

"तमारू छे?" त्याने कापडाकडे बोट दाखवून गुजरातीत विचारलं.

"ना," मी म्हटलं.

त्याने शिडी समुद्रातून उचलून आफ्रिकेवर रोवली आणि वर चढला. त्याचं छत पुरं होईपर्यंत मी दारातच उभा होतो.