बाबांच्या खोलीतलं वायफाय

माझे सासरे सांगलीहून आमच्याकडे राहायला आले ते दिवाळीनंतर. सासूबाई त्याच वर्षी गेल्या होत्या, आणि एवढ्या मोठ्या घरात बाबांनी एकट्याने राहायचं नाही, हे माझ्या नवऱ्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. दोन बॅगा, औषधांचा डबा आणि बुद्धिबळाचा पट घेऊन बाबा आले. नालासोपारा पूर्वेला, तुळिंजमध्ये आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. मागची बेडरूम आम्ही त्यांना दिली. तिच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीतल्या वाळत घातलेल्या चादरी तेवढ्या दिसतात, पण सकाळचं ऊन छान येतं.

लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी मी आणि बाबा कधी एका घरात सलग राहिलो नव्हतो. सणावाराला आम्ही सांगलीला जायचो, चार दिवस राहून परत यायचो. त्यामुळे आमचं बोलणं म्हणजे, "बाबा, चहा ठेवू?" आणि "ठेव." नवरा सकाळी कामाला निघून जायचा. मी एका विमा कंपनीचं काम घरूनच करते, दिवसभर कानाला हेडफोन. मी हॉलमध्ये, ते मागच्या खोलीत. एकमेकांना आपली अडचण नको म्हणून आम्ही दोघंही इतके जपायचो की घर एखाद्या वाचनालयासारखं शांत असायचं.

फक्त दुपारच्या चहानंतर मागून आवाज यायचा.

"उंट! अरे, उंट म्हणतोय मी! हत्ती नाही, उंट!"

सांगलीत बाबांचा एक शाळेपासूनचा मित्र आहे. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांचं घराबाहेर पडणं बंद झालेलं. बाबा तिथे होते तोवर रोज दुपारी पट काखेत मारून त्यांच्याकडे जायचे. इकडे आल्यावर दोघांनी व्हिडिओ कॉलवर डाव मांडायला सुरुवात केली. दोघांपुढे आपापला पट. एकाने चाल सांगायची, दुसऱ्याने ती आपल्या पटावर करून घ्यायची. मला वाटायचं, वय झालेली माणसं फोनवर मोठ्याने बोलतात तसं हे चाललंय. मी हेडफोनचा आवाज वाढवायची आणि कामाला लागायची.

मग एके दिवशी चहानंतर आवाजच आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी कप आणायला गेले तर पट मिटून टेबलावर ठेवलेला, आणि बाबा खिडकीतून चादरी बघत बसलेले.

"आज डाव नाही?"

"कंटाळा आलाय."

तिसऱ्या दिवशीही तेच ऐकल्यावर मी पलंगाच्या कडेला बसले आणि म्हणाले, "बाबा, काय झालंय?"

त्यांनी मिटलेला पट थोडा बाजूला सरकवला. मग म्हणाले, "लबाडी केलीस म्हणाला मला."

झालं होतं ते असं. डाव रंगात असताना चित्र गोठलं. मित्राचं तोंड अर्धवट उघडं, तसंच राहिलं. बाबांनी तेवढ्यात आपली चाल सांगितली, ती तिकडे पोचलीच नाही. तिकडून मित्राने काहीतरी सांगितलं, त्यातलं इकडे निम्मंच आलं. कॉल पुन्हा जुळला तेव्हा दोन पटांवर दोन वेगळे डाव होते. बाबांच्या पटावर त्यांचा घोडा मित्राच्या वजिराला खाऊन बसलेला, आणि मित्र म्हणत होता, माझा वजीर तिथे नव्हताच मुळी. शब्दाला शब्द वाढला आणि मित्राने फोन बंद केला.

"माझ्या खोलीत हे वायफाय येतं न येतं," बाबा म्हणाले. "मी गॅलरीत जाऊनही पाहिलं. तिथे पट ठेवायला जागा नाही."

"मग हॉलमध्ये बसा ना. माझ्या टेबलापाशी तर मस्त चालतं."

"तुझ्या मिटिंगा असतात. मी ओरडणार. लोक काय म्हणतील तुला?"

म्हणजे इतके दिवस या माणसाने माझ्या मिटिंगांसाठी आपला डाव मोडू दिला होता. मी केबलवाल्याला फोन लावला.

तो आला, हॉलमध्ये उभा राहिला, स्वतःच्या फोनवर स्पीड बघितला आणि म्हणाला, "मॅडम, एकदम ओके आहे." मी त्याला मागच्या खोलीत नेलं. तिथे त्याचाही चेहरा पडला. आमचा राऊटर टीव्हीच्या मागे, खालच्या फळीवर पडलेला असायचा. तो म्हणाला, "असा लपवून कशाला ठेवलाय? वर ठेवा. जितका वर तितकी रेंज चांगली."

रविवारी नवऱ्याने ते काम मनावर घेतलं. राऊटर शोकेसच्या डोक्यावर, छताला लागेल इतका वर गेला. त्याने एक रिपीटरही आणला. हे छोटं यंत्र राऊटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवतं. तो बाबांच्या कपाटाच्या माथ्यावर बसवला. संध्याकाळी बाबांच्या फोनवर वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसल्या. त्यांनी साताऱ्याच्या भाचीला व्हिडिओ कॉल लावला. तिच्या मागच्या भिंतीवरची पाल आम्हाला स्पष्ट दिसली.

"आता मित्राला लावा," मी म्हटलं.

"नको. दोन दिवस जाऊ देत. परत मध्येच तुटलं तर तो माझा फोनच उचलायचा नाही."

ते बरंच झालं, कारण दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा सगळं ठप्प. त्याच्या दुसऱ्या दिवशी झकास. मग पुन्हा ठप्प. नवरा वैतागला आणि जेवताना बोलून गेला, "बाबा, तुम्ही कुठलं बटण वगैरे दाबत नाही ना?"

बाबांनी मान खाली घालून भात कालवला. मला ते अजिबात आवडलं नाही. मी म्हटलं, "आम्ही बघतो दोघं. तू यात पडू नकोस."

सिग्नल मोजणारं एक ॲप मी फोनवर घेतलं. ते राऊटरच्या सिग्नलचे आकडे दाखवत होतं, आणि सगळे उणे. उणे पन्नास, उणे ऐंशी.

"उणे ऐंशी म्हणजे जास्त की कमी?" बाबांनी विचारलं.

"कमी. उणे पन्नास चांगलं, उणे ऐंशी वाईट."

"हे थंडीसारखं झालं," ते म्हणाले, आणि आल्यापासून पहिल्यांदा हसले.

बाबांनी सगळी नोकरी यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून, म्हणजे यंत्रांची रेखाचित्रं काढण्याची, केली. त्यांनी टेप मागून घेतली आणि आमच्या फ्लॅटचा नकाशा काढला. भिंतींची जाडी, दारं कुठल्या बाजूला उघडतात, सगळं प्रमाणात. मग मी फोन धरून घरभर फिरायची, आकडा ओरडून सांगायची आणि ते नकाशावर त्या जागी पेन्सिलने लिहायचे. हॉल, पॅसेज, स्वयंपाकघर, त्यांचा पलंग. माझ्या ब्रेकच्या वेळा त्यांना पाठ झाल्या. "झाली का मिटिंग? चल, चार आकडे घेऊ." बाबा माझी वाट बघतायत, याचीच मला गंमत वाटायची.

पण नकाशा जुळत नव्हता. त्याच पलंगावर, त्याच उशीपाशी आज एक आकडा, उद्या दुसराच. बाबांचा संशय आधी कपाटाच्या आरशावर होता. आम्ही आरशावर चादर टाकली, दार उघडं ठेवलं, बंद ठेवलं. काही फरक नाही. मग त्यांचा संशय शेजाऱ्यांवर गेला, कारण आमच्या भागात इमारती एकमेकींना खेटून आहेत आणि फोन उघडला की पंचवीस घरांची वायफायं एकाखाली एक दिसतात. मी केबलवाल्याला विचारून राऊटरचा चॅनेलही, म्हणजे तो ज्या लहरींवर चालतो तो पट्टा, बदलून पाहिला. थोडं सुधारलं, पण तो एक दिवस चांगला आणि एक दिवस वाईट हा खेळ काही थांबला नाही.

ते कोडं सुटलं तेव्हा मी स्टुलावर उभी होते. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं. बाथरूमच्या वर, माळ्यावर आमची काळी टाकी आहे. पाण्याच्या दिवशी ती काठोकाठ भरून घ्यायची आणि दोन दिवस पुरवायची. त्या सकाळी पाणी सुटलं होतं. टाकी वाहू नये म्हणून मी पॅसेजमध्ये स्टुलावर चढून बघत होते, आणि बाबा खोलीत सकाळचे आकडे घेत होते.

"उणे बासष्ट," ते आतून म्हणाले. "पासष्ट... सत्तर... अगं, तू काय करतेयस? पडतंय!"

"मी काही नाही करत. टाकी भरतेय."

मग बाबा फोन हातात धरून पॅसेजमध्ये आले आणि वर टाकीकडे बघत उभे राहिले.

"नळ बंद कर," ते म्हणाले.

मी बंद केला. आकडा थांबला.

"सोड."

मी सोडला. टाकी वर वर भरत गेली आणि आकडा खाली खाली.

बाबांनी मग कागदाच्या उरलेल्या भागात घराचा उभा छेद काढला, म्हणजे घर वरून न बघता बाजूने कापून बघावं तसा. शोकेसच्या डोक्यावर राऊटर. बाबांच्या कपाटाच्या डोक्यावर रिपीटर. पट्टी ठेवून त्यांनी दोघांना जोडणारी रेघ मारली, तर ती नेमकी टाकीच्या पोटातून गेली. पाण्यातून सिग्नल धड जात नाही, हे मी नंतर वाचलं. पहिल्या रविवारी सगळं छान चाललं, कारण त्या दिवशी टाकी रिकामी होत आली होती. वर ठेवा, वर ठेवा म्हणत आम्ही दोन्ही यंत्रं बरोबर टाकीच्या उंचीला नेऊन ठेवली होती.

आता राऊटरला अशी जागा हवी होती, जिथून हॉलही दिसेल आणि पॅसेजमधून सरळ बाबांच्या खोलीचं दारही. नकाशावर अशी जागा एकच होती. पॅसेजच्या तोंडाशी, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. बाबांनी तिथे पेन्सिलने फुली मारली आणि पेन्सिल खाली ठेवली. त्या जागी सासूबाईंचा फोटो होता. बाबा यायच्या आधी माझ्या नवऱ्याने तो तिथे लावला होता, चंदनाचा हार घालून.

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं. तो एकदम म्हणाला, "आईचा फोटो काढून तिथे राऊटर? काहीही काय!"

मी म्हटलं, राहू दे, दुसरं काहीतरी बघू. पण बाबा दारात उभे होते.

"काढ तो," ते म्हणाले. "माझ्या खोलीत लाव."

"बाबा, अहो, पण..."

"मी आल्यापासून म्हणेन म्हणेन म्हणत होतो. इथे तिला काय दिसतं? चपलांचा स्टँड. आणि मला तिच्याकडे बघायचं तर पॅसेजमध्ये उभं राहायला लागतं. सूनबाईच्या मिटिंगमध्ये मी मागे उभा दिसतो, म्हणून तेही करत नाही."

"मग सांगितलं का नाहीत?" नवरा म्हणाला.

"घर तुमचं. फोटो तू हौसेने लावलेला."

नवऱ्याने स्वतः फोटो उतरवला, काच पुसली आणि बाबा दाखवतील तिथे, पलंगाच्या समोरच्या भिंतीवर, खिळा ठोकला. खिळा ठोकताना त्याचे डोळे भरून आले होते. बाबा त्याला "थोडा डावीकडे, आता वर" असं सांगत राहिले, नकाशा काढताना मला सांगायचे तसंच. दुसऱ्या दिवशी केबलवाल्याने वायर लांबवून दिली, पॅसेजच्या तोंडाशी छोटी फळी बसली आणि तिच्यावर राऊटर. रिपीटरची गरजच राहिली नाही. भरल्या टाकीच्या दिवशीही उशीपाशी आकडा जागचा हलला नाही.

बाबांनी आणखी दोन दिवस थांबून मगच मित्राला कॉल लावला. मी हेडफोन काढून ठेवला, हे कबूल करते.

"कोण?" तिकडून कोरडा आवाज आला, समोर चेहरा दिसत असूनही.

"मीच. लबाड."

बाबा म्हणाले, "ऐक. दोष माझा नव्हता आणि तुझाही नव्हता. आधी टीव्ही आडवा येत होता, मग पाणी."

"कसलं पाणी?"

"टाकीतलं."

बाबांनी त्यांना सगळं समजावलं, छेद कॅमेऱ्यासमोर धरून. मित्र बारकाईने बघत राहिले आणि मग म्हणाले, "लेका, इथे कृष्णेला पूर येतो तेव्हासुद्धा माझा फोन चालतो. आणि तुझ्या टीव्हीने नि टाकीभर पाण्याने माझा वजीर खाल्ला?"

दोघं इतके हसले की मित्राची सून काय झालं बघायला धावत आली. तो डाव बाबा हरले. ते मला सांगायला हॉलमध्ये आले, मिटिंग चालू असताना, आणि स्क्रीनवरच्या माझ्या साहेबांनी त्यांना नमस्कार केला.

ही गोष्ट इमारतीत कशी पसरली कोण जाणे. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींची मुलगी घरून शिकवण्या घेते, तिलाही हाच त्रास होता. त्यांनी मला लिफ्टमध्ये विचारलं, "तुमच्या सासऱ्यांना पाठवाल का जरा?" शनिवारी आम्ही दोघं टेप आणि फोन घेऊन वर गेलो. त्यांच्याकडे राऊटर फ्रिजच्या मागे होता. बाबांनी नुसतं बघितलं आणि माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या.

वहिनींनी पोहे आणले. बाबा म्हणाले, आधी मोजून होऊ दे. मग ते बसले ते बसलेच. वहिनींचं माहेर मिरजेचं निघालं. कारखान्यातल्या गमती, सासूबाईंनी बुद्धिबळ शिकायला दिलेला नकार, नदीकाठची वांगी, असलं काय काय ते सांगत होते. यातलं मी काहीच कधी ऐकलं नव्हतं. माझे आकडे घेऊन झाले होते, पण मी फोन हातात धरून त्यांच्या पॅसेजमध्ये तशीच उभी राहिले, ऐकत.