बटणाची घाई

आमच्या बस डेपोत तिला सगळे टाईपबाई म्हणत. टाईपरायटर जाऊन वीस वर्षं झाली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. एकोणिसाव्या वर्षी ती नोकरीला लागली तेव्हा कचेरीत पाच टायपिस्ट होत्या. संगणक आले तेव्हा चौघींनी बदल्या मागून घेतल्या. ही एकटी राहिली आणि मुलाचं शाळेचं पुस्तक वाचून संगणक शिकली. मुलगा धडा विचारायचा आणि चुकलं की पट्टी उगारायचा, हे ती हसत सांगायची. सकाळी आल्यावर ओल्या फडक्याने टेबल पुसायचं, खुर्चीवर स्वतःची उशी ठेवायची, शेजारी पाण्याची बाटली, आणि मग कामाला हात. "जरा बघता का, बरोबर आहे का" असं तिने कुणाला विचारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. उलट आम्हीच आमची पत्रं तिच्याकडे तपासायला न्यायचो.

मी तिथला प्रोग्रामर. एकटाच होतो, त्यामुळे स्वतःला हुशार समजायला काही अडचण नव्हती.

रोज बदललेल्या गाड्यांच्या वेळा ती माझ्या स्क्रिप्टमध्ये भरायची. स्क्रिप्ट म्हणजे संगणकासाठी लिहिलेल्या सूचनांची फाईल. ती चालवायची तर मशीनवर आधी बरंच काही बसवावं लागतं. चौकशीच्या अकरा खिडक्यांवरच्या जुन्या मशीनवर त्यातलं काहीच नव्हतं. म्हणून स्क्रिप्ट कंपाइल करून तिची एक्झी फाईल करायची. भरलेला डबा असतो ना, तसं ते. उघडला की जेवण तयार, चूल पेटवायला नको. ही एक्झी पेनड्राइव्हवर घेऊन टाईपबाई रोज सकाळी अकरा खिडक्या फिरायची.

एक्झी दोन टप्प्यांत व्हायची. आधी नुसती रिकामी फाईल तयार करायची, मग तिच्यात वेळापत्रक भरायचं. टाईपबाई पहिला टप्पा करायची, दोन घोट पाणी प्यायची आणि दुसरा करायची. आठ वर्षं एकदाही बिघडलं नाही. मग मला शहाणपण सुचलं. मी दोन्ही टप्पे जोडून एकच बटण करून दिलं आणि वर, बाई, तुमचा त्रास वाचवला, असंही ऐकवलं.

त्या आठवड्यापासून दहातून तीनदा एक्झी बिघडायला लागली. कधी मध्येच चूक दाखवून थांबायची, तर कधी वरवर नीट झालेली फाईल खिडकीवर उघडून लगेच बंद व्हायची. पुन्हा बटण दाबलं की बहुतेकदा ठीक. कधी होतं, कधी नाही, म्हणजे नेमकं कशाने, ते कळायला मार्ग नाही. टाईपबाईने वही घातली. रोज कितीदा दाबलं, कितीदा झालं, सगळं तारखेसह. ती वही घेऊन ती माझ्याकडे आली.

"तुझं बटण फार घाई करतंय रे," ती म्हणाली. "मी मध्ये पाणी प्यायचे तेव्हा असं होत नव्हतं."

मी हसलो. बाई, बटणाला कसली घाई, असं काहीतरी म्हणालो. पाण्याचा नि संगणकाचा संबंध ही गोष्ट मी जेवणाच्या सुट्टीत चारचौघांना सांगितली, तेही हसले. त्यातल्या एकाने ती तिच्या कानावर घातली असणार, कारण त्यानंतर तिने मला वही दाखवली नाही.

तरी मी तपासलं, नाही असं नाही. कुठल्या टप्प्यावर अडतंय ते दिसावं म्हणून प्रत्येक टप्प्यानंतर थांबून 'पुढे जाऊ का?' असं विचारायची सोय मी बटणात घातली आणि तिच्याच मशीनवर वीस वेळा चालवलं. वीसच्या वीस वेळा नीट. सोय काढली, घरी गेलो. दुसऱ्या दिवशी तिच्याकडून बिघडलं.

मग तक्रार आली. खिडकीवरच्या माणसाने नवी फाईल उघडेना म्हणून कालची लावली. आजारी वडिलांना दवाखान्यात न्यायला निघालेली एक बाई रद्द झालेल्या गाडीची दोन तास वाट बघत बसली. डॉक्टरांची तारीख हुकली. साहेबांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. टाईपबाई वही छातीशी धरून उभी होती. साहेबांनी मला विचारलं, प्रोग्राममध्ये दोष आहे का.

"माझ्या हातून वीसपैकी वीस वेळा नीट होतं," मी म्हणालो.

यातला एक शब्द खोटा नव्हता. म्हणून तर अजून लाज वाटते. नाचता येईना अंगण वाकडं, असं साहेब पुटपुटले. टाईपबाईने माझ्याकडे पाहिलं, वही उघडलीच नाही. सोमवारपासून तिला तळमजल्यावर हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसवलं. निवृत्तीला नऊ महिने उरले होते.

तिचं काम माझ्याकडे आलं. तिसऱ्याच सकाळी एक्झी बिघडली. मी इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा बटण दाबलं. झाली. पुढे दोन आठवडे मी हेच करत होतो: बिघडली की गुपचूप पुन्हा दाबायचं. तिने निदान वहीत लिहिलं होतं. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, ही म्हण माझ्यासाठीच केली असावी.

शेवटी प्रत्येक टप्प्याची वेळ सेकंदासकट लिहून घेणाऱ्या ओळी घातल्या आणि चार दिवसांत चोर सापडला. नवी एक्झी दिसली की मशीनवरचा अँटिव्हायरस ती लगेच तपासायला घेतो. दोन-तीन सेकंद फाईल त्याच्या ताब्यात असते. नेमकं तेव्हाच माझं बटण तिच्यात वेळापत्रक कोंबायला जायचं. अँटिव्हायरस लवकर मोकळा झाला तर जमायचं, नाही तर बिघडायचं. मी तपासताना 'पुढे जाऊ का?' विचारत थांबत होतो, म्हणून वीसच्या वीस वेळा जमलं. टाईपबाई पाणी पिऊन तेवढाच वेळ थांबायची. अंगण खरंच वाकडं होतं आणि ते वाकडं मीच केलं होतं.

फाईल मोकळी होईपर्यंत थांबायचं, एवढं सांगायला चार ओळी पुरल्या. एक्झी पुन्हा बिघडली नाही. साहेबांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली आणि मी ती थोपटून घेतली.

त्या दुपारी तळमजल्यावर गेलो. छत्र्या, चष्मे, एकेकटे बूट. टाईपबाई एका छत्रीला चिठ्ठी बांधत होती. संगणक बंद होता, नोंदी ती हाताने लिहीत होती. मी सगळं सांगितलं. पाण्याचं तुमचं खरं होतं, माझं चुकलं, मला माफ करा, असं एका दमात. ती गाठ मारायची थांबली.

"साहेबांना सांगितलंस?"

"अजून नाही."

"मग आधी इथे कशाला आलास?"

उत्तर आम्हा दोघांना माहीत होतं. तिने माफ केलं असतं, तर मला वर जायची गरज उरली नसती. ती पुन्हा छत्रीकडे वळली.

मी वर गेलो. साहेब फोनवर होते, बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. मग सांगितलं. त्यांनी लेखी मागितलं, तेही दिलं. साहेबांनी टाईपबाईला बोलावून तिची जागा परत दिली, चूक झाली असंही म्हणाले. ती उशी घेऊन वर आली, टेबल पुसलं, बाटली ठेवली. मला वाटलं, मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला हाक मारली. वेळा भरून झाल्या होत्या, माऊस बटणावर होता, बोट मात्र वर उचललेलं.

"जरा बघतोस का," ती म्हणाली, "बरोबर आहे ना?"

सगळं बरोबर होतं. मी तसं सांगितलं, तिने बटण दाबलं. त्यानंतर निवृत्तीच्या दिवसापर्यंत रोज सकाळी तिने मला हाक मारली, आणि मी रोज जाऊन बघत राहिलो.