बसस्टँडवर सापडलेली मुलगी

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी नाशिकच्या जिल्हा कोर्टात वकिली सुरू केली. पुढे दोन हजार सालानंतर स्वतःचं ऑफिस झालं, बिल्डरांची कामं आली, दारात गाडी उभी राहिली. पण मी या पेशात टिकले ती एका फौजदारी खटल्यामुळे. तो खटला हातात आला तेव्हा मी वकिली सोडायच्या बेतात होते.

माझ्या सीनिअरांकडे माझं काम म्हणजे तारखा घेणं. दिवसभर या कोर्टातून त्या कोर्टात पळायचं, ‘सर येतायत साहेब’ म्हणून हात जोडायचे. घरी वडील बँकेच्या परीक्षेचं बोलत, आणि मला ते पटायला लागलं होतं.

ज्यांना वकील करता येत नाही अशांसाठी कोर्ट सरकारी खर्चानं वकील देतं. अशा कामांत नव्या वकिलांची नावं घालत, त्यात माझं आलं. आरोपी होती सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची बाई. आरोप मुलगी पळवल्याचा. कलम जामीन मिळण्यासारखं होतं, पण जामीनदारच नव्हता, म्हणून ती नाशिकरोडच्या जेलमध्ये होती.

तिला तारखेला आणलं तेव्हा कोर्टाच्या व्हरांड्यात आम्ही पहिल्यांदा बोललो. तिशीची असेल. तिची बोली मला निम्मी कळेना. तिचा नवरा दिंडोरीकडे द्राक्षबागेत मजुरीला असायचा, त्याला आमच्यासारखं मराठी येत होतं. तो मधे बसून सांगत गेला.

झालं होतं ते असं. दोघं बागेत कामाला होती. तिची आई आजारी पडल्याचा निरोप आला म्हणून ती एकटीच गावाकडं निघाली. नाशिकच्या स्टँडवर उतरली तर चारेक वर्षांची एक मुलगी रडत येऊन तिच्या लुगड्याला चिकटली. तिनं मुलीला कडेवर घेऊन सगळा स्टँड पालथा घातला. कुणी आपलं म्हणेना. गावाकडं जाणारी शेवटची जीप पेठ नाक्यावरून सुटायची होती. ती मुलीला घेऊनच जीपमध्ये बसली.

“पोलीस चौकी समोरच होती,” मी म्हणाले. “तिथं का नाही दिलंत?”

नवऱ्यानं विचारायच्या आधीच तिनं मला उत्तर दिलं. “तुला माझं बोलनं कळत नाय, पोलिसाला काय कळंल?”

थेट पाड्यापर्यंत जीप फक्त बाजारच्या दिवशी यायची; एरवी ती फाट्यावर सोडायची आणि पुढं रानातून चालत जावं लागायचं. त्या दिवशी मुलीला परत आणायचं असं तिनं ठरवलं होतं, आणि पोहोचल्या संध्याकाळी पोलीस पाटलाला जाऊन तसं सांगितलंही होतं. बाजार उजाडण्याआधी पोलीस आले. मुलीच्या वडिलांनी तक्रार दिली होती आणि जीपवाल्यानं गाव सांगितलं होतं. आमचं कोर्ट त्या स्टँडला लागूनच आहे. ती मुलीला घेऊन आईबाप शोधत फिरत होती तेव्हा कदाचित मी रस्त्यापलीकडे चहा पीत असेन, हे माझ्या डोक्यातून जाईना.

मी सुरगाण्याला गेले. पोलीस पाटील म्हातारे, सावध गृहस्थ. बाई आपल्याकडे आली होती हे त्यांनी मान्य केलं, पण वरती कळवायचं राहून गेलं म्हणून ते घाबरले होते. मी त्यांच्या ओट्यावर बसून राहिले. शेवटी ते आत गेले, टोपी घालून बाहेर आले आणि म्हणाले, चला. जामीनदार तेच झाले. बाई सुटली आणि प्रत्येक तारखेला नवऱ्याबरोबर हजर राहू लागली.

खटला उभा राहिला. सरकारी वकिलांनी मुलीच्या आईला साक्षीला बोलावलं. तिचे यजमान सातपूरला कारखान्यात कामाला, ते मागच्या बाकावर बसले होते. गर्दीत मुलीचा हात सुटला आणि ती दिसेनाशी झाली, एवढं तिनं खाली बघत सांगितलं.

उलटतपासाला मी उठले. ज्या प्रश्नाचं उत्तर माहीत नाही तो साक्षीदाराला विचारू नये, असं सीनिअर नेहमी सांगत. मी तोच विचारला.

“मुलगी परत मिळाली तेव्हा कशी होती?”

तिनं एकदा मागं नवऱ्याकडे पाहिलं. “न्हाऊ घातलेली होती,” ती म्हणाली. “केसांना तेल होतं. वेण्या घातल्या होत्या.”

“तुमच्याकडे लगेच आली?”

“नाही. ह्या बाईंच्या गळ्याला मिठी मारून बसली होती. सोडेना.” मग मी काही न विचारताच ती न्यायाधीशांकडे वळली. “साहेब, पोरगी माझ्या हातून हरवली. ह्यांनी सांभाळली. घरात मला बोल लागेल म्हणून मी आजवर गप्प बसले.”

टायपिस्टनं ते वाक्य घेतलं. मी खाली बसले. त्या संध्याकाळी मी वडिलांना सांगितलं की बँकेची परीक्षा देणार नाही. निकाल अजून लागायचा होता, तरी त्यांनी वाद घातला नाही.

पुढे पोलीस पाटीलही येऊन बोलून गेले. निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी एका दमात वाचलं: पळवण्याचा हेतू दिसत नाही, आरोपीची निर्दोष मुक्तता. बाई तशीच उभी. मी तिला बाहेर आणलं.

“पुढली तारीख कधी?” तिनं विचारलं.

“आता तारीख नाही. संपलं.”

“पुन्हा यायचं नाय?”

“नाही.”

ती व्हरांड्यात भिंतीला टेकून खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. नवरा शेजारी उकिडवा बसून राहिला. त्यानं तिला गप्प केलं नाही.

मुलीची आई मुलीला घेऊन आली होती, यजमानही होते. ते बाईसमोर येऊन थांबले. त्यांनी मुलीला पुढं केलं. मुलगी आता शाळेत जात होती. तिनं बाईला ओळखलं नाही, आईच्या साडीआड लपली. बाईनं डोळे पुसून तिच्याकडं नीट पाहिलं.

“मोठी झाली,” ती म्हणाली, आणि हसली.

मग यजमानांनी सगळ्यांना चहा सांगितला. उन्हं कलायच्या आत नवरा-बायकोला जीप मिळावी म्हणून मी त्यांच्याबरोबर पेठ नाक्यापर्यंत गेले. जीप आधीच भरली होती. बायका सरकून बसल्या, त्यांनी तिला आत ओढून घेतलं. नवरा मागं लटकला, आणि गाडी निघाली.