न दुखणारा चावा

खडू झिजतात, मास्तर झिजतात, किस्से मात्र साचतच जातात! निजामाच्या राजवटीत मी हिंगोलीच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायचो. आमचे निम्मे किस्से सायन्सच्या अनंतरावांचे. माणूस कोळ्यांपायी पार येडा झालेला.

*

जाळं न विणता, पान दुमडून आत पांढरी रेशमी थैली करून राहणारे कोळी, तेवढेच त्यांना हवे. ज्वारीवरचा पिवळा, हळदीवरचा हिरवट, कपाशीवरचा काळ्या जबड्यांचा. "कूळ एकच, जाती वेगळ्या," म्हणायचे. एखादी नवी जात आपल्या हातून सापडावी, एवढीच आस. "लेकरूबाळ न्हाई मला. मागं नाव तरी राहील!"

*

जवळा बाजारला एका शेतात त्यांनी थैली उसवली. आत पिल्लं आपल्याच आईला खात होती, आणि आई अजून हलत होती! शेतवालीनं तोंडाला पदर लावला.

"मास्तर, ती पळून काहून न्हाई जात?"

भिंगावरचा डोळा न काढता अनंतराव म्हणाले, "जायचंच नसतं बाई तिला."



*

माझ्या गुंडाळून ठेवलेल्या एका चित्रात कोळ्यानं घर केलं. उलगडलं, तर चित्रातल्या बाईचं तोंड पांढऱ्या रेशमानं बंद!

अनंतराव म्हणाले, "लई बोलायची का हो?"

*

शाळेत मायक्रोस्कोप नव्हता, अन् या जाती नुसत्या नजरेनं ओळखणं कठीण. मग या पठ्ठ्यानं तोड काढली. बोटाला चावून घ्यायचं! पिवळा चावला की मिरची, हिरवट चावला की गांधीलमाशी. काळ्या जबड्यांचा चावला तर कोपरापर्यंत ठणका!

शिपाई गफूरभाईंनी कपाळ बडवलं. "मास्तरसाब, बिच्छू कब ला रहे?"

*

दिवाळीच्या सुट्टीआधी अनंतराव बाटली घेऊन नाचतच आले.

"सापडली! दिसायला काळ्या जबड्यांचीच. पण चावते, रक्त येतं, अन् जरा म्हणून दुखत न्हाई! नवी जात!"

या खेपेला त्यांनी डाव्या हाताची करंगळी दिली होती. तिच्यावर रक्ताचे दोन ठिपके, खाली तळहाताच्या कडेला एक फिकट चट्टा, चेहरा मात्र नुसता फुललेला. गफूरभाईंनी कौतुकानं स्टोव्हवर चहाची किटली चढवली.

"बघू तरी," म्हणून मी बाटलीत बोट घातलं आणि अशी बोंब ठोकली, की वर्गातली पोरं धावत आली! कोपरापर्यंत ठणका. तीच जुनी जात!

अनंतराव करंगळीकडे बघत राहिले. मग उठले, उकळत्या किटलीला ती टेकवली, आणि तशीच ठेवून मला विचारलं,

"किटली तापलीय का हो?"