रहमतचाचांच्या लेकीचं कुलूप

उमरखेडला रहमतचाचांचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान आहे. संध्याकाळी घरी जाताना कुणाच्या दुकानाचं शटर कुलपाविना नुसतंच ओढलेलं दिसलं, की चाचा आत डोकावत नसत. आपलं कुलूप ठोकत आणि किल्ली खिशात टाकून चालते होत. सकाळी मालकाने त्यांच्याकडे यायचं, चहा प्यायचा आणि चार माणसांत कबूल करायचं, की दार मीच उघडं ठेवलं होतं. मग किल्ली मिळायची, तीही फुकट. नुजहत ही त्यांची लेक. आमच्या कापूस संघात ती कॉम्प्युटरवर होती आणि मी काट्यावर. संघाचं नाव सांगत नाही, कारण आमचे तेव्हाचे सचिव वामनराव रोज फिरायला माझ्याच दारावरून जातात.

साल बोंडअळीचं, दोन हजार सतरा. अर्धा कापूस अळीने खाल्लेला, उरलेला तरी वेळेत विकावा म्हणून नऊशे शेतकऱ्यांनी आमच्याकडे नाव नोंदवलं होतं. यादीत नंबर असेल त्याचीच गाडी फाटकातून आत यायची. ही यादी एका शोधायच्या सर्व्हरवर होती. गाव टाका, नाव टाका, नंबर हजर. सॉफ्टवेअर मोफत, कुणीही घ्यावं आणि वापरावं असं. फुकट ते पौष्टिक, म्हणून वामनराव खूश. पण ते यायचं तेच बिनकुलपाचं. पासवर्ड ज्याचा त्याने बसवायचा, आणि आमच्या नागपूरच्या इंजिनिअरला तेवढी फुरसत झाली नव्हती.

हे कळलं शुक्रवारी. तांड्यावरचा भावसिंग नंबर विचारायला आला आणि ऑफिसची लाइट गेलेली. सर्व्हर बॅटरीवर चालू होता, म्हणून नुजहतने आपल्या मोबाइलवरून सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता टाकून पाहिला. पासवर्ड मागेल असं तिला वाटलं होतं. मागितलाच नाही, सगळी यादी उघडली. तिने चाचणीसाठी टाकलेल्या खोट्या नावाचा आकडा बदलून पाहिला, तर तोही बदलला. म्हणजे जगात कुठेही बसलेला माणूस आमची यादी एका झटक्यात पुसू शकत होता. भावसिंगचा नंबर होता सहाशे बारा. त्याचे डोळे चमकले.

"मंग मले एक नंबर करून टाका ना, मॅडम."

"मले करता येते, म्हणूनच तं भेव वाटून राह्यलं," नुजहत म्हणाली.

तिने वामनरावांना सांगितलं. ते म्हणाले, आपल्या किडक्या कापसाकडे कोण बघतं, सोमवारी खरेदी सुरू होऊ दे, मग पाहू. शनिवारी सकाळी तिने पुन्हा सांगितलं. तिने टायपिंगपुरतं पाहावं, असं उत्तर मिळालं. मला तेव्हा त्यांचा राग आला होता, पण मी काट्यावर परत गेलो. माझी नोकरीही तिच्यासारखीच कच्ची होती.

दुपारी नुजहतने सर्व्हरपुढे पासवर्ड बसवला आणि घरी गेली. तासाभराने वामनरावांना यादी उघडेना. त्यांनी फोन लावला, तर ही अगदी अदबीने म्हणाली की किल्ली घरी आहे, चहाला या. वामनरावांनी तिला फोनवरच कामावरून काढलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. मी मात्र घाबरलो. सोमवारी नंबर दिसले नाहीत तर नऊशे गाड्यांची माणसं आम्हाला तुडवणार होती, आणि नुजहतची नोकरी तर गेलीच होती.

इंजिनिअर रविवार दुपारपर्यंत झटला. शेवटी म्हणाला, कुलूप पक्कं बसलंय, सगळं नव्याने टाकावं लागेल, बुधवारी येतो.

मग मी वामनरावांना मोटरसायकलवर घेऊन उमरखेडला गेलो. दुकानात चाचा, नुजहत आणि भावसिंग. भावसिंग म्हणाला, सहज आलतो. चहा आला, संपला, वामनराव रिकामा कप फिरवत बसले. अखेर मान खाली घालून पुटपुटले. चाचांनी कानामागे हात धरला आणि जरा मोठ्यानं बोलायला सांगितलं. चाचांना आजही रस्त्यापलीकडे पडलेली किल्ली ऐकू येते.

"दार मीच उघडं ठेवलं व्हतं," वामनराव रस्त्यावर ऐकू जाईल असं बोलले.

नुजहतने चिठ्ठी दिली. पासवर्ड तेच वाक्य होतं, इंग्रजी अक्षरांत, सलग.

सोमवारी ती कामावर होती, तिला कुणी अडवलं नाही. भावसिंगची गाडी सहाशे बाराव्या नंबरानेच आत आली आणि तो आठवडाभर कुरकुरत राहिला. वामनराव रोज सकाळी एका बोटाने ते वाक्य टाइप करायचे. बदलून घ्यायचा तर नुजहतला सांगावं लागलं असतं, आणि तेवढा धीर त्यांना झाला नाही.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. नव्या सचिव विमलताई कागदाच्या पक्क्या. पासवर्डसुद्धा चार्ज देण्याच्या कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहून द्या म्हणाल्या, मी उद्या बदलून घेते. वामनरावांनी इकडेतिकडे पाहिलं, मराठीतच एक ओळ लिहिली आणि खाली सही केली. विमलताईंनी साक्षीदार म्हणून नुजहतला बोलावलं. तिने पेन हातात घेतलं, ओळ वाचली आणि कानामागे हात धरला.

"साहेब, सही कराच्या आंधी जरा मोठ्यानं वाचून दाखवता का?"