टोपी नसलेली लवंग

ट्रामची काच धुरकट झालीय. मी बोटानं तिच्यावर एक डोळा काढते आणि त्यातून प्राग बघते. ओले दगड, ओल्या छत्र्या, पुलावरचे ओले पुतळे. सकाळपासून पाऊस आहे. आई-बाबा पुढच्या सीटवर नकाशा उलटासुलटा करतायत. माझ्या शेजारी वृंदाकाकू मांडीवर पर्स घट्ट धरून बसलीय, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघावी तशी. आल्यापासून ती कशाकडेच बघत नाही. ट्राम वळते, माझी मान काकूच्या खांद्यावर पडते, आणि मग ते वळण संपतच नाही.

"सरक गं, वक्तेबाई."

शशीकाका. काकूचा नवरा, माझा सगळ्यात लाडका, फेब्रुवारीत गेलेला. तोच चौकड्यांचा शर्ट, आणि एवढ्या पावसात ठणठणीत कोरडा. तो माझ्या आणि काकूच्या मधे बसतो, तरी माझी मान तिच्या खांद्यावरच असते. हे विचित्र वाटायला हवं. मला मात्र काळजी पडलीय की काकाचं तिकीट काढलंय का.

बाहेर पुतळे पुलावरून उतरून रांगेत उभे राहतायत. नदी इथलीच आहे की सांगलीची कृष्णा, कळत नाही. हा तर घाट. दहावा दिवस. पिंड ठेवलाय आणि कावळा शिवत नाहीये. खरंच असंच झालं होतं. काकाचं मन कशात अडकलंय ते ओळखायला सगळे वचनं देत होते. बाबा म्हणाले घर विकणार नाही, आत्या म्हणाली वहिनीला एकटं पडू देणार नाही. कावळे ढिम्म. मग वक्तृत्व स्पर्धेत नुकतीच पहिली आलेली मी कुणाला न विचारता पुढे झाले आणि खणखणीत आवाजात सांगून टाकलं की काका, तुला बघायचं होतं ते प्राग आम्ही काकूला दाखवू. कावळ्यानं झडपच घातली. तेव्हापासून घरात माझ्या शब्दाला जाम वजन आलंय. म्हणून तर आम्ही सगळे इथे.

"आलो बघ आम्ही," मी म्हणते. "आता खूश ना?"

"कावळ्याला भूक लागली होती गं."

"म्हणजे तो तू नव्हतास?"

"मी मागे उभा होतो, तुझं भाषण ऐकत. आवाज मस्त लागला होता तुझा."

मग आम्ही का आलो? याचं मन नक्की कशात होतं? मी हे विचारतेय तोवर ट्राम काका-काकूच्या स्वयंपाकघरातून चाललीय. गॅसवर दूध वर येतंय आणि काकू तशीच पर्स धरून बसलीय.

"तिला विचारलंत का कुणी," काका म्हणतो, "तिला काय हवंय ते?"

मी आठवून बघते. वचन काकाला दिलं. तिकिटं बाबांनी काढली. काकूचा स्वेटरसुद्धा आईनं निवडला.

काका खिसा चाचपून लवंग काढतो. मला गाडी लागू नये म्हणून लहानपणापासून देतो तशीच. मला तिखट लागते म्हणून वरची गोल टोपी दातानं तोडून स्वतः खातो, आणि उरलेली माझ्या मुठीत ठेवतो. मी मूठ मिटते. अजून खूप विचारायचंय.

"ऊठ गं, मान अवघडेल."

हा काकूचा आवाज. ट्राम थांबलीय. आई-बाबा खाली उतरून छत्र्या उघडतायत, आता किल्ला बघायचाय म्हणे. काकू मुकाट्यानं उठायला लागते.

"काकू, तुला काय हवंय?"

"मला नुसतं बसायचंय गं," ती म्हणते. "तो गेल्यापासून सगळे मला उठवतच आहेत."

मी काचेतून आईला हातानं खुणावते, तुम्ही जा. दार बंद होतं. काकू परत बसते, पदरानं काच पुसते आणि बाहेर बघते.

तिचा हात धरायला मी मूठ उघडते. तळव्यावर लवंग आहे. टोपी नसलेली.

कुठून आली, ती विचारते. मला, कुठेही बोलू शकणाऱ्या मला, सांगता येत नाही. काकू लवंग चिमटीत धरून निरखते, टोपी कुठे गेली ते विचारत नाही, आणि जिभेखाली ठेवते. ट्राम वळते.