पैकीच्या पैकी

तिसरीच्या परीक्षेत मला गणितात शंभरपैकी शंभर मिळाले आणि घरात माझी शाळा थांबवायची बोलणी सुरू झाली. ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं. आमच्या दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते अगदी सरळ वाटत होतं.

आम्ही तळवड्याचे. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना निघाला होता आणि दादा तिथं लागले होते. काम बाटल्या लाकडी पेटीत भरायचं. एका पेटीत शंभर बाटल्या बसत. शंभरावी बाटली ठेवली की वर झाकण, झाकणावर खिळे, आणि पेटी बाहेर. दादांनी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं, पण शंभर म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"शंभरात शंभर पडलं म्हंजी भरली की पेटी," ते आईला म्हणाले. "आता आनखी काय कोंबायचं तिच्यात?"

आई म्हणाली, "अवं, चौथी गावातच हाय. बसू द्या की अजून एक वरीस."

आईच्या शब्दाखातर मी चौथीत बसले. पण त्या दिवसापासून मला हुशारीची धास्ती बसली. आमची शाळा एका खोलीची, चौथीपर्यंतच. पुढं पाचवीला चिंचवड. तिथं माझी मावशी होती, ती मला ठेवून घ्यायला तयार होती. अडचण एकच, दादांनी जा म्हणायला हवं. आणि चौथीत पुन्हा पैकीच्या पैकी पडले की दादा झाकण ठोकणार, हे मला लख्ख दिसत होतं.

माझ्या वर्गात एक पाटलांचा मुलगा होता. पाढे म्हणताना तेराच्या पाढ्यात हमखास बुडायचा. त्याला सहामाहीत पस्तीस पडले. दादा त्याच्या बापाला म्हणाले, "धाडा त्याला चिंचवडला. त्याचं अजून लई राह्यलंय." ते चेष्टेनं म्हणत नव्हते. मी चुलीपाशी भाकरी खात ते ऐकत होते. त्या ठोंब्याचा मला इतका हेवा वाटला, की आयुष्यात पुढं कुणाच्या दागिन्यांचाही वाटला नाही.

वार्षिक परीक्षेच्या आधी मी मनाशी ठरवलं. शंभर नको, ऐंशी पुरेत. वीस शिल्लक राहिले की दादा पुढं धाडतील. पाच-पाच मार्कांची चार गणितं चुकवायची.

चुकणं किती अवघड असतं हे मला पेपराच्या दिवशी कळलं. व्याजाचं गणित सरळ सुटलं. उत्तर समोर उभं होतं आणि मला त्याला हाकलायचं होतं. शेवटी मी उत्तरात एक मिळवला. पुढच्या तिन्ही गणितांतही तेच, वरच्या पायऱ्या बरोबर आणि तळाशी एक जास्त. पेपर गुरुजींच्या हातात दिला. आपणच आपल्या पोराला चिमटा काढावा, तसं काहीतरी वाटत होतं.

गुरुजींनी कच्चे मार्क सांगितले, ऐंशी. मी पळत घरी गेले. दादांनी बोटांवर मोजलं. "वीस राह्यलं म्हन की. बरं, मावशीकडं जा, तेवढं उरकून ये."

आईनं माझे दोन परकर त्या दिवशीच धुऊन वाळत घातले. ते दोन दिवस मी हवेत होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, दादा कामावरून येऊन पाय धूत होते, तेव्हा गुरुजी अंगणात आले. हातात माझा पेपर. माणूस इतका खूश, की आईनं पुढं केलेला पाण्याचा तांब्याही घेतला नाही.

"अहो, तुमच्या मुलीनं मला फसवलं!" ते हसत म्हणाले. "चार गणितं चुकली, पण चारही एकानं जास्त. पायऱ्या सगळ्या बरोबर. चुकणारं पोर असं चुकत नसतं. हिला सगळं येतंय. मी शंभरच धरलेत."

मी दाराच्या आड उभी होते. ओरडावंसं वाटलं, गुरुजी, गप्प बसा! पण गुरुजींना गप्प बसा कोण म्हणणार? आणि मुद्दाम चुकले हे कबूल करायचं, तर का ते सांगावं लागलं असतं, दादांच्या देखत.

"म्हंजी झालं तिचं," दादा म्हणाले.

गुरुजींचं हसू तिथंच थांबलं. मग त्यांना सगळं समजलं असावं, कारण ते घाईघाईनं बोलू लागले. "नाही हो, तसं नाही. शंभर पडले म्हणजे पोरीचं संपलं नाही, माझा पेपर संपला. तो चौथीपुरताच होता. हिला किती येतं ते मोजायला माझ्याकडं मापच नाही."

दादांनी शांतपणे ऐकून घेतलं. गुरुजींचा त्यांना आदर होता. "तुमच्यापाशीच माप न्हाई, तर आमी कुठं शोधायचं, गुरुजी? तुमाला जेवढं येत व्हतं तेवढं तिला दिलं. उपकार झालं."

गुरुजी बराच वेळ बसून बोलले. आईही मधे बोलली. पण शंभराला शंभर म्हणणाऱ्या माणसाशी वाद कसा घालायचा? दादा दुष्ट नव्हते, हेच तर अवघड होतं. त्यांचा ऊर भरून आला होता. आमच्या घराण्यात काहीतरी पुरं करणारी मी पहिली. मला मात्र आजही राग येतो तो गुरुजींचा, आणि तो अन्याय आहे हे कळूनही येतो.

दुसऱ्या दिवशी दादांनी गुळाची ढेप आणली आणि आळीत वाटायला मलाच पाठवलं. प्रत्येक दारात बायका विचारत, "कशाचा गं गूळ?"

मी सांगत होते, "माझी शाळा संपली, त्याचा."